ब्राझीलची माणसं खरंच अशी असतात का?

ऊनपाऊस

सुट्टीला घरी आले की ब्राझीलबद्दल मला ठरलेले प्रश्न विचारले जातात. तिथे सगळेच फुटबॉल खेळतात ना? लोक रस्त्यावर नाचत असतात का? बायका तसल्याच कपड्यांत फिरतात? तुम्ही जंगलाजवळ राहता का? आणि मग आवाज खाली आणून, "तिथे लुटतात म्हणे." विचारणारी सगळी आपलीच, मायेची माणसं आहेत. पण मी साओ पावलोत बरीच वर्षं काम करते आहे आणि माझ्या रोजच्या सहकाऱ्यांना यातलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही. म्हणून हा धागा.

या देशाची जगभर फिरलेली छबी बघितली, तर ती रिओचा एक समुद्रकिनारा आणि कार्निव्हलचे चार-पाच दिवस एवढ्यातूनच आलेली दिसते. २०२२ च्या जनगणनेत ब्राझीलची लोकसंख्या २० कोटी ३० लाखांच्या आसपास भरली. त्यातले जवळपास २७ टक्के लोक इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथांचे आहेत. त्यांच्यातली बरीच मंडळी कार्निव्हलच्या सुट्टीत चर्चने भरवलेल्या शिबिराला जातात. माझ्या शेजारच्या काकू त्यांतल्याच. त्यांना सांबा येत नाही आणि आवडतही नाही.

ही छबी नुसती बाहेरच्यांनी रंगवली, असंही नाही. लष्करी राजवटीच्या काळात, १९७० च्या दशकात, सरकारच्या एंब्रातूर या पर्यटन संस्थेनेच बिकिनीतल्या मुलींचे फोटो छापून देश विकला. पुढे २०१४ च्या विश्वचषकाआधी आदिदासने सूचक चित्रांचे टी-शर्ट काढले, तेव्हा त्यावर आक्षेप घेणाऱ्यांत हीच संस्था होती. कंपनीने ते टी-शर्ट मागे घेतले. पण चाळीस वर्षांत जे लोकांच्या डोक्यात बसलं ते एका पत्रकाने कसं निघणार?

त्याही आधीचं उदाहरण कार्मेन मिरांडाचं. जन्म पोर्तुगालचा, वाढली रिओत, १९३९ मध्ये अमेरिकेला गेली. डोक्यावर फळं रचलेला तिचा तो वेश मुळात बाईया राज्यातल्या काळ्या फेरीवाल्या बायकांच्या पोशाखावरून घेतलेला होता. १९४० मध्ये ती परत आली तेव्हा रिओच्या बड्या प्रेक्षकांनी थंड स्वागत केलं. अमेरिकन झाली म्हणाले. बाईच्या मनाला ते फार लागलं. ज्या बायकांचा तो पोशाख होता त्यांना मात्र त्या सभागृहात कुणी बोलावलंच नव्हतं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण ब्राझीलबद्दलच्या बहुतेक साच्यांच्या मागे अशीच कुणीतरी न बोलावलेली माणसं असतात.

तुम्ही काय ऐकलंय ते लिहा. मला माहीत आहे तेवढं सांगते.

---

पंचगंगा_काठ

चांगला विषय काढलात ताई. आमच्याकडे ऊसवाल्यांत ब्राझीलचं नाव रोज निघतं, आणि "आळशी" म्हणून कुणी काढत नाही. तिकडचे कारखाने भाव बघून रस साखरेकडे वळवायचा की इथेनॉलकडे ते ठरवतात आणि त्याचा धक्का इथे आमच्या साखरेच्या दराला बसतो. तिकडे १९७५ पासून इथेनॉलचा सरकारी कार्यक्रम आहे. २००३ पासून पेट्रोल आणि इथेनॉल, दोन्हीवर कुठल्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या आहेत. ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल मिसळतात. नाचत बसणाऱ्यांना हे जमत नसतं.

आणखी एक. आमच्या कोल्हापूरहून स्टार एअरने जो कुणी उडाला असेल तो ब्राझिलियन विमानात बसला आहे. एम्ब्रेअर कंपनीची विमानं आहेत ती. आपल्या हवाई दलाचं टेहळणी करणारं 'नेत्र' विमानही एम्ब्रेअरच्याच सांगाड्यावर उभं केलंय. विमानतळावर दहा जणांना विचारा, नऊ जण अमेरिकन म्हणतील.

फुटबॉलचं मात्र खरं ना? तेवढं तरी खरं राहू द्या, आमचं गाव फुटबॉलवेडं आहे. :)

---

ऊनपाऊस

@पंचगंगा_काठ, फुटबॉलचं वेड खरंच आहे. पण "सगळे" म्हणताना अर्धा देश सुटतो. १९४१ च्या सरकारी हुकमाने बायकांना फुटबॉल खेळायला बंदी होती आणि ती १९७९ पर्यंत टिकली. म्हणजे पेले तीन विश्वचषक जिंकून निवृत्त झाला तरी त्याच्या देशातल्या मुलींना अधिकृतपणे मैदानात उतरता येत नव्हतं. अलागोआस राज्यातल्या एका छोट्या गावातून आलेली मार्ता सहा वेळा जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली, ती या पार्श्वभूमीवर. २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे, त्या निमित्ताने हा इतिहास आता इथे बोलला जातोय. आणि माझ्या ऑफिसात फुटबॉलचं नावही न काढणारे पुरुष आहेत. काहींना व्हॉलीबॉलचं जास्त प्रेम.

आळशीपणाचं म्हणाल तर घटनेनेच कामाचा आठवडा ४४ तासांचा ठरवलाय. दुकानं, हॉटेलं, सुपरमार्केटमध्ये काम करणारे बहुतेक जण आठवड्याचे सहा दिवस राबतात आणि एक दिवस सुट्टी घेतात. ही पद्धत बंद करा म्हणून २०२४ पासून मोठी चळवळ उभी राहिली आहे. साओ पावलोच्या टोकाच्या वस्त्यांतून लोक पहाटे अंधारात निघतात, दोन बस आणि एक मेट्रो बदलून कामावर येतात.

दुपारच्या जेवणाची गंमत सांगते. इथेही डबा असतो, मार्मिता म्हणतात. बारा वाजता मायक्रोवेव्हपुढे रांग लागते. डब्यात भात, घेवड्याच्या दाण्यांची पातळ उसळ, वर मंद तुपात परतल्यासारखा दिसणारा कसाव्याच्या पिठाचा भुरका, त्याला फारोफा म्हणतात, आणि कडेला मांसाचा तुकडा. जेवण झालं की दुसरी रांग बेसिनपुढे, प्रत्येकाच्या हातात टूथब्रश. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे दात घासूनच पुन्हा जागेवर बसतात. माझ्या खणातही आता ब्रश आणि पेस्ट कायमचे आहेत. हे दृश्य कुठल्याच पर्यटनाच्या जाहिरातीत नसतं, पण मला विचाराल तर ब्राझीलची खरी ओळख इथे होते.

---

मानौसवासी

नेहमी नुसता वाचतो, पण जंगलाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी मूळचा आकुर्डीचा, दुचाकींच्या धंद्यात, सध्या मुक्काम मानौस. ॲमेझॉनच्या अगदी मधोमध. घरच्यांना वाटतं मी मचाणावर राहतो.

मानौस हे वीस लाखांवर वस्तीचं शहर आहे. रबराच्या पैशावर १८९६ मध्ये इथे ऑपेरा हाऊस उघडलं, ते अजून चालू आहे. १९६७ पासून करसवलतीचं औद्योगिक क्षेत्र आहे आणि देशातल्या मोटरसायकली बहुतांशी इथेच जुळतात. बजाजनेही २०२४ मध्ये इथे कारखाना सुरू केला. सकाळी गाड्यांची कोंडी चाकणसारखीच.

२००२ मध्ये एका अमेरिकन कार्टून मालिकेने रिओच्या रस्त्यांवर माकडं सोडलेली दाखवली होती. रिओचं पर्यटन खातं कोर्टात जायच्या गोष्टी करू लागलं होतं. लोकांना तो राग जरा जास्त वाटला, पण इथे राहिल्यावर मला तो समजतो. "जंगल" म्हटलं की माणसं दिसेनाशी होतात. आदिवासी म्हणजे पिसं लावून झाडीत उभा असलेला माणूस, असंच चित्र असतं. जनगणनेत जवळपास १७ लाख आदिवासी नोंदले गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त शहरांत राहतात. आमच्या लाईनवर आहेत, बँकेत आहेत, विद्यापीठात आहेत.

आणि ज्या संकटावर खरं बोलायला हवं ते राहून जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथल्या रिओ नेग्रो नदीची पातळी १९०२ पासूनच्या नोंदींत सर्वांत खाली गेली. आमचे सुटे भाग समुद्रातून नदीमार्गे जहाजाने येतात. पाणी एवढं आटलं की मोठी जहाजं मानौसपर्यंत येईनात, खाली इताकोआतियाराजवळ तरंगते धक्के उभारून माल बार्जवर उतरवावा लागला. नदीकाठच्या गावांत तर प्यायच्या पाण्याची पंचाईत झाली. जगातल्या सर्वांत मोठ्या नदीच्या खोऱ्यात!

सांबाही इथला नव्हे. इकडचा मोठा उत्सव जूनअखेर पारिंचिन्स बेटावर होतो. लाल रंगाचा गारांचिदो आणि निळा काप्रिशोसो, अशा दोन बैलांच्या नावाने दोन बाजू. एका बाजूचं सादरीकरण चालू असताना दुसऱ्या बाजूच्या प्रेक्षकांनी गप्प बसायचं, नाहीतर गुण कापतात. हजारो माणसं एका बाजूला बेभान आणि समोरचे हजारो हूं की चूं नाही. मी तो प्रकार बघून थक्क झालो.

---

चाफेकळी

मस्त चाललाय धागा. माझा प्रश्न आईचा आहे. लेक एक्स्चेंजवर सहा महिने ब्राझीलला जायचं म्हणते. तिच्या आजीला कपड्यांची चिंता, मला सुरक्षिततेची. खरं काय ते सांगाल का?

---

ऊनपाऊस

@चाफेकळी, आजींना सांगा की किनाऱ्यावरचे कपडे किनाऱ्यावरच असतात. तिथेही आजीबाई, नातवंडं, जाड-बारीक सगळे तेवढ्याच कपड्यांत असतात, कुणी कुणाकडे बघत बसत नाही. आणि बाहेरच्यांना नवल वाटेल, पण किनाऱ्यावर बायकांनी उघड्या छातीने ऊन घेणं इथे चालत नाही, त्यावर पोलीस येऊ शकतात. ऑफिसात, कॉलेजात जीन्स आणि साधा टॉप.

कार्निव्हलच्या मिरवणुकीतही टीव्हीवर दिसतात त्या पिसं लावलेल्या चार-दोन जणी. पण रिओच्या प्रत्येक सांबा शाळेला, म्हणजे मिरवणुकीतल्या पथकाला, 'बाईयानां'चा ताफा उतरवावाच लागतो. मोठ्ठे घेरदार झगे घातलेल्या, बहुतेक वयस्क बायका, गोल गोल गिरक्या घेत जातात. वस्तीतल्या आज्या-मावश्याच त्या. त्यांच्या झग्यांचं शिवणकाम, रथांचं सुतारकाम, वेल्डिंग महिनोन्महिने चालतं, आणि मग परीक्षक गुण देतात. तेव्हा हा मनमौजी धुमाकूळ नव्हे, कडक शिस्तीचं काम आहे.

"तिथल्या बायका सहज उपलब्ध" हा जो समज आहे त्याचा मला सगळ्यात संताप येतो, कारण तो निरुपद्रवी नाही. परदेशात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या ब्राझिलियन मुलींना त्याचा रोज त्रास होतो. घरातही बायकांवर हिंसा होते, ते लपवण्यात अर्थ नाही. नवऱ्याच्या गोळीने अपंग झालेल्या मारिया दा पेन्या यांच्या लढ्यातून २००६ चा घरगुती हिंसेविरुद्धचा कायदा आला. २०१८ मध्ये गर्दीतली लगट, जबरदस्तीचं चुंबन हा स्वतंत्र गुन्हा ठरला. कार्निव्हलात आता "नाही म्हणजे नाही" लिहिलेल्या पट्ट्या मुली अंगावर चिकटवतात.

सुरक्षिततेचं: भीती निराधार नाही. खुनांचं प्रमाण २०१७ नंतर खाली आलं असलं तरी मोबाईल हिसकावणं खूप आहे. सायकलवरून, मोटरसायकलवरून येतात आणि हातातला फोन घेऊन जातात. रस्त्यावर उभं राहून नकाशा बघायचा नाही, दुकानात शिरायचं. रात्री ॲपवरची टॅक्सी. एवढं इथल्या मुलीही पाळतात. पण फावेला (गरिबांच्या दाट वस्त्या) म्हणजे गुंडांचा अड्डा, हे मनातून काढा. जनगणनेनुसार १ कोटी ६४ लाख लोक, म्हणजे देशातले ८ टक्के, अशा वस्त्यांत राहतात. त्यातले बहुतेक तेच पहाटेच्या बसमधले लोक.

---

इतिहासवेडा

एक गोड गैरसमज कुणीच मांडला नाही. "ब्राझीलमध्ये वंशभेद नाही, सगळे मिसळलेत." आपल्याकडे शिकलेली माणसंही हे कौतुकाने सांगतात.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली सुमारे ४८ लाख माणसं ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. दुसऱ्या कुठल्याच देशात एवढी नाहीत. गुलामगिरी गेली १३ मे १८८८ ला, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. सुटलेल्यांना ना जमीन मिळाली ना भरपाई. त्याच सुमारास युरोपातून मजूर आणायला मात्र सरकारने भाडं भरलं, त्यात देश गोरा करायचा हेतूही उघड बोलला जायचा. रिओत ज्या वालोंगो धक्क्यावर ही माणसं उतरवत तो पुढे बुजवून टाकला होता. २०११ मध्ये बंदराच्या कामात खोदताना तो पुन्हा उघडा पडला आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला.

आज ४५ टक्के लोक स्वतःला मिश्र म्हणवतात, १० टक्के काळे, ४३ टक्क्यांच्या वर गोरे. मिसळलेत हे खरंच आहे. पण लिफ्टमध्ये कुणाला "सर्व्हिस लिफ्टने जा" सांगतात, पोलीस कुणाला थांबवतात, हे रंगावरूनच ठरतं.

आपल्याला जवळचा विषय म्हणजे राखीव जागा. २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांतून आलेल्यांना, आणि त्यात त्या त्या राज्यातल्या काळ्या, मिश्र, आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. आपल्याकडे जातीचा दाखला असतो. तिथे दाखला नाही, स्वतः सांगायचं. मग खोटं सांगणारे निघाले, म्हणून समित्या बसल्या. समिती उमेदवाराकडे बघते आणि लोक याला रस्त्यावर काळा समजतील का, ते ठरवते. आजी काळी होती हे सांगून भागत नाही. मला ही पद्धत अस्वस्थ करते, पण भेदभाव जर चेहरा बघून होत असेल तर उपायही चेहरा बघूनच होणार, या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही.

---

दादरकर

इतिहासवेडा, जबरी प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

ऊनपाऊस, ब्राझीलचे लोक एकमेकांबद्दल काय बोलतात? आपल्याकडे मुंबईत जसं "भैय्या" नि "मद्रासी" चालतं, तसं काही?

---

ऊनपाऊस

@दादरकर, अगदी तसंच, आणि धाग्याचा खरा गाभा मला इथेच वाटतो.

रिओचा माणूस ऐदी आणि गोडबोल्या, साओ पावलोचा कामपिसाट, मिनास राज्यातला तोंडाचा बंद, बाईयाचा झोपाळू. ही सगळी वाक्यं इथे हसत हसत चहाला, म्हणजे कॉफीला, म्हटली जातात. पण ईशान्य भागातल्या माणसाबद्दल जे बोलतात त्यात हसण्यासारखं काही नाही. दुष्काळाने पिचलेली कुटुंबं ट्रकच्या मागच्या फळ्यांवर बसून दक्षिणेला आली. सध्याचे राष्ट्राध्यक्ष लुला लहानपणी पेर्नांबुकोहून आईबरोबर असेच आले होते. साओ पावलोच्या इमारती, ब्राझीलिया ही राजधानी, यांच्यावर याच लोकांचे हात लागलेत. आणि याच साओ पावलोत ईशान्येच्या कुठल्याही राज्यातल्या माणसाला सरसकट "बाईयानो" म्हणून हिणवतात. रिओत त्यालाच "पाराईबा" म्हणतात. निवडणुकीचा निकाल मनासारखा लागला नाही की समाजमाध्यमांवर ईशान्येच्या मतदारांना अडाणी म्हणण्याची लाट येते.

आमच्या इमारतीचे रखवालदार सेआरा राज्यातले आहेत. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, आणि कॉलेजात तो आपली बोलण्याची ढब दाबून बोलतो, हे त्यांनी मला सांगितलं. बापाच्या आवाजात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. मी मुंबईत वाढले. ही गोष्ट मला परकी वाटली नाही.

---

बार्देशकर

आमी गोंयकार हो धागो वाचतां आनी मान हालयतां. मराठीतच लिहितो.

"किनारा, दारू, सुशेगाद, कार्निव्हल, उघड्या बायका." ही यादी ब्राझीलची वाटते ना? हिंदी सिनेमाने गोव्याला हेच दिलं. दोन्हीकडे पोर्तुगीज आले, दोन्हीकडचा कार्निव्हल लेंटच्या उपवासाआधीच्या कॅथलिक सणातून आला, आणि दोन्हीकडे पाहुणे तेवढंच बघून गेले.

१५०० मध्ये ज्या पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालचे तांडे ब्राझीलला लागले तो तिथून पुढे कालिकतलाच आला होता. मग काजू तिकडून आमच्याकडे आला. आम्ही बोंडांची फेणी काढली, ब्राझीलच्या पियाउई राज्यात त्याच बोंडांचा गाळून उकळलेला, दारू नसलेला रस पितात. उपासाचा साबुदाणासुद्धा ज्या कंदाचा होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचाच, तोच ताईंच्या फारोफातला.

आणि कृपा करून ब्राझीलमध्ये स्पॅनिश बोलतात म्हणणं बंद करा. माझ्या आजोबांच्या पिढीला तिथली पोर्तुगीज समजली असती.

ते आपल्याबद्दल काय समजतात हो?

---

ऊनपाऊस

@बार्देशकर, देव बरें करूं! आपल्याबद्दलचे समज २००९ सालच्या एका टीव्ही मालिकेने पक्के केले. भारतात घडणारी कथा, ब्राझिलियन कलाकार साड्या नेसून, आणि तिला आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. तेव्हापासून भारतीय दिसला की लोक "अरे बाबा!" म्हणतात. मला गाई, हत्ती, ठरवलेलं लग्न, तिखट यांबद्दल विचारतात. त्यांचेही प्रश्न ठरलेलेच असतात.

पण याच देशात बाईयातल्या साल्वादोर शहराच्या गोदी कामगारांनी १९४९ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर साधारण वर्षभराने, 'फिल्योस दे गांधी' म्हणजे गांधींची लेकरं नावाचं कार्निव्हलचं पथक काढलं. बहुतेक काळे, गरीब कामगार. डोक्याला पांढरं फडकं, पांढरा झगा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या माळा, आणि ढोलाच्या ठेक्यावर आफ्रिकी देवतांची गाणी. आजही हजारो पुरुष त्या वेशात चालतात. त्यांना भारताची फार माहिती होती असं नाही, पण गोऱ्या सत्तेपुढे न झुकलेला माणूस त्यांनी बरोबर ओळखला.

---

चाफेकळी

अंगावर काटा आला. सगळं लेकीला वाचून दाखवलं. तिला कुरिचिबा शहर मिळतंय असं काल कळलं. ती शाकाहारी आहे. काही सूचना?

---

ऊनपाऊस

@चाफेकळी, गरम कपडे द्या, भरपूर! कुरिचिबा नऊशे मीटरवर आहे. जून-जुलैत पारा शून्याजवळ जातो, २०१३ मध्ये तर बर्फ पडला होता, आणि घरांत हीटर नसतात. थर्मल आणि पायमोजे आधी बॅगेत टाका. पोलिश, युक्रेनियन, जर्मन, इटालियन वंशाची वस्ती बरीच. तिथली माणसं लवकर मोकळी होत नाहीत असं बाकीचे ब्राझिलियन म्हणतात, तेव्हा पहिल्या महिन्यात कुणी घरी बोलावलं नाही तर तिने मनाला लावून घेऊ नये. शहराची बस व्यवस्था नामांकित आहे, काचेच्या नळकांड्यांसारखे थांबे असतात, एकटीने फिरायला सोपं.

जेवणाला वजनावर पैसे घेणारी हॉटेलं शोधायला सांगा, सगळीकडे असतात. ताट स्वतः वाढून घ्यायचं, काट्यावर ठेवायचं, वजनाप्रमाणे पैसे. भाज्या, कोशिंबिरी भरपूर. दोन गोष्टी पक्क्या विचारायच्या: उसळीत डुकराच्या मांसाचे तुकडे आहेत का, आणि "मांस नको" एवढंच म्हणून थांबायचं नाही, कोंबडी, हॅम, मासे एकेक नाव घेऊन नको म्हणायचं. नाहीतर चिकन पुढे येतं. चीज घातलेले गरम छोटे पाव, पाऊ दे केजू, तिला नक्की आवडतील. विद्यापीठाचं नाव कळलं की मला व्यनि करा, त्या भागातल्या एक-दोन मराठी घरांशी तिची गाठ घालून देते.